आकाशाशी सख्य, जमिनीशी वैर

८ मे १९३० चा दिवस. सीरियातील अलेप्पोहून बगदादच्या दिशेने निघालेले एक लहानसे द्विपंखी विमान वाळवंटावरून उडत होते. विमानात चालकाखेरीज कोणीही नव्हते. एकाएकी पुढचे क्षितिज पिवळट होऊ लागले, खालची जमीन दिसेनाशी झाली आणि पाहता पाहता विमान वाळूच्या वादळात सापडले. वाऱ्याच्या झोतांनी ते काही क्षणांत हजारो फूट खाली फेकले गेले. डोळ्यांपुढचा चष्मा वाळूने भरला. कुठे उतरतो आहोत हे न दिसताच चालकाने विमान जमिनीला टेकवले. दैव बलवत्तर म्हणून ते सरळ धावले आणि थांबले. पण संकट संपले नव्हते. सोसाट्याचा वारा उभ्या विमानालाच मागे ढकलू लागला. तेव्हा सव्वीस वर्षांच्या त्या तरुणीने खाली उडी मारली, सामानाच्या पेट्या ओढून काढून चाकांच्या मागे अडकवल्या, इंजिनावर किरमिजाचे आवरण कसेबसे बांधले आणि विमान उलटू नये म्हणून ती स्वतः त्याच्या शेपटावर जाऊन बसली. दूरवर कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येत होते. हातात पिस्तूल होते. वादळ शमायला सुमारे तीन तास लागले.

ती तरुणी म्हणजे एमी जॉन्सन. लंडनहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी पहिली स्त्री म्हणून जगाच्या इतिहासात तिची नोंद झाली. तिच्या विक्रमांच्या याद्या अनेक ठिकाणी सापडतात. परंतु तिची कहाणी जवळून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. ती चांगली उडत असे आणि दिशाही बहुधा चुकत नसे, मात्र विमान जमिनीवर उतरवण्याची कला तिला शेवटपर्यंत पुरती साधली नाही. त्या ऐतिहासिक प्रवासात अनेक मुक्काम असे होते, की जिथे ती विनासायास उतरली असे म्हणता येणार नाही. तरीही ती पोहोचली. कशी पोहोचली, हे पाहण्यासारखे आहे.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदराच्या शहरी झाला. वडील जॉन विल्यम जॉन्सन हे मासळीचे व्यापारी. घर खाऊनपिऊन सुखी. चार बहिणींत एमी थोरली. शेफील्ड विद्यापीठातून तिने पदवी घेतली, अर्थशास्त्र हा तिचा विषय होता. त्या काळात मध्यमवर्गीय इंग्रज मुलीने एवढे शिकणे ही नवलाची बाब होती, आणि एवढे शिकून टंकलेखनाची नोकरी करावी लागणे ही नवलाची नव्हती. एमीही लंडनमध्ये एका वकिलाच्या कार्यालयात चिटणीस झाली. एका स्विस तरुणावर तिचे कित्येक वर्षे प्रेम होते. १९२८ मध्ये त्याने दुसरीशी विवाह केला. पुढच्याच वर्षी धाकटी बहीण आयरीन हिने आत्महत्या केली. या दोन आघातांच्या मधल्या काळात एमी विमान शिकत होती. मनाला गुंतवायला काहीतरी हवे होते आणि तिने ते आकाशात शोधले, असे तिचे चरित्रकार मानतात. ते पटण्यासारखे आहे.

लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेन येथे लंडन एअरोप्लेन क्लबचे मैदान होते. सप्टेंबर १९२८ मध्ये ती तिथे दाखल झाली. पहिल्याच धड्यानंतर शिक्षकाने तिच्याविषयी प्रतिकूल मत दिले. एकटीने उड्डाण करण्याची परवानगी मिळायला तिला जवळपास सोळा तासांचे शिक्षण घ्यावे लागले. इतरांना यापेक्षा बरेच कमी तास पुरत. उड्डाण ठीक असे, पण जमीन जवळ आली की तिचा अंदाज चुके. कधी विमान उंचावरून आदळे, कधी मैदान संपत आले तरी टेकत नसे. जुलै १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला परवाना मिळाला होता. हवाई क्लबांचा तो बहराचा काळ होता.

एमीचे वेगळेपण यापुढे सुरू होते. क्लबमधील इतर हौशी सभासद उड्डाण आटोपले की चहाला जात. एमी हँगरमध्ये जाई. मुख्य अभियंता जॅक हम्फ्रीज याच्या हाताखाली ती पहाटे आणि संध्याकाळी, नोकरीची वेळ सांभाळून, इंजिने उघडू लागली. पुढे तिने नोकरीच सोडली. वंगणाने माखलेला अंगरखा घालून वावरणाऱ्या या मुलीला मेकॅनिक मंडळींनी आपल्यात सामावून घेतले. १९२९ च्या अखेरीस तिला ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळाला. ब्रिटनमध्ये तो मिळवणारी ती पहिली स्त्री. ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात तिला तारले ते या दुसऱ्या परवान्याने, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

एवढ्या तयारीवर तिने ऑस्ट्रेलियाचा बेत जाहीर केला, तेव्हा लोकांना हसू आले असल्यास नवल नाही. तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता. उड्डाणाचा अनुभव शंभर तासांहून कमी. समुद्र तिने विमानातून ओलांडलेला नव्हता. पैसे उभे करण्यासाठी तिने अनेकांची दारे ठोठावली. अखेर तेल उद्योजक लॉर्ड वेकफिल्ड आणि तिचे वडील यांनी निम्मा निम्मा भार उचलला आणि ६०० पौंडांना एक जुने जिप्सी मॉथ विमान खरेदी झाले. नोंदणी अक्षरे जी-एएएएच. विमान हिरव्या रंगाने रंगवले आणि त्याला ‘जेसन’ हे नाव दिले. ग्रीक पुराणातल्या वीराचे हे नाव असले तरी ते घेतले होते वडिलांच्या मासळीच्या व्यापारचिन्हावरून.

या विमानाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक अपघातांचे मूळ तिच्यात आहे. मॉथचा सांगाडा लाकडाचा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. रिकाम्या विमानाचे वजन साधारण चारशे किलो, इंजिन शंभर अश्वशक्तीचे. पुढे दोन चाके आणि शेपटाखाली चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारा दांडा. ब्रेक नव्हतेच. त्या काळी बहुतेक ठिकाणी पक्की धावपट्टीही नसे. मोकळे गवताळ मैदान असे, आणि वैमानिकाने वाऱ्याची दिशा पाहून वाऱ्याला तोंड देत उतरावे अशी रीत होती. समोरून वारा असला की जमिनीवरचा वेग कमी राहतो आणि विमान थोड्या जागेत थांबते. वारा पाठीमागून असला की तेच विमान मैदान ओलांडून कुंपणापर्यंत जाते. वारा स्थिर वाहत असेल तर हिशेब जमतो. तो झोतांनी येत असेल तर हिशेबच मोडतो, कारण विमान टेकण्याच्या बेतात असताना झोत आला की ते पुन्हा उचलले जाते, आणि झोत ओसरला की पंखांखालचा आधार निघून ते दाणकन आदळते. बाजूचा झोत तर याहून वाईट. वजनाचा भार चाकांच्या मागे असल्याने शेपूट एका बाजूला ढकलले गेले की विमान गर्रकन गिरकी घेते आणि एका पंखावर कलंडते. जमिनीवर उभे असतानाही या विमानाचे नाक वर आणि शेपूट खाली असे. म्हणजे पंख नेहमीच वाऱ्याला उचलण्याची संधी देत उभे. वाळवंटात एमी शेपटावर जाऊन का बसली, याचे उत्तर हेच.

५ मे १९३० च्या सकाळी ती लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरून निघाली. निरोपाला वडील आणि मोजकी मित्रमंडळी होती. जादा पेट्रोलच्या टाक्यांनी विमान जड झाले होते. पहिल्या धावेत ते उचललेच नाही, मैदान संपत आले म्हणून तिला थांबावे लागले. दुसऱ्या खेपेस ते कसेबसे हवेत गेले. पहिला मुक्काम व्हिएन्ना, दुसरा कॉन्स्टँटिनोपल, तिसरा अलेप्पो. जादा टाक्यांतले पेट्रोल मुख्य टाकीत चढवायला हातपंप मारावा लागे. त्या वासाने तिला मळमळत असे, आणि हे काम दर दिवशी तासन्‌तास करायचे होते.

वाळवंटातील वादळातून निघून ती बगदादला पोहोचली तेव्हा उतरताना चाकांचा एक आधारदांडा मोडला. वादळात त्याला आधीच इजा झालेली असावी. ब्रिटिश हवाई दलाच्या कारागिरांनी रातोरात नवा दांडा तयार करून दिला. दुसऱ्या दिवशी इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासला पुन्हा तेच दुखणे, या वेळी बोल्ट तुटला. १० मे रोजी ती कराचीला उतरली. सहा दिवसांत कराची. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ मध्ये केलेल्या विक्रमाच्या ती दोन दिवस पुढे होती. इथपर्यंत फारशी दखल न घेणारी वृत्तपत्रे आता जागी झाली. लंडनमध्ये तिचे नाव मथळ्यांत झळकू लागले.

कराचीच्या विमानतळाने त्या आठवड्यात आणखी एक शर्यत पाहिली, हे येथे सांगितले पाहिजे. इंग्लंड आणि भारत यांतील अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले होते. जे. आर. डी. टाटा ३ मे रोजी कराचीहून लंडनच्या दिशेने निघाले. अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा तरुण उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता आणि टाटांनी आपल्याकडचे प्लग देऊन त्याला मार्गी लावले. अस्पी ११ मे रोजी कराचीला पोहोचला आणि पारितोषिक त्याचे झाले. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. एमी त्याच दिवशी सकाळी कराचीहून निघाली होती. तिघांचीही विमाने एकाच जातीची, जिप्सी मॉथ.

भारतभूमीवरचे ते दिवस साधे नव्हते. एमी क्रॉयडनहून निघाली त्याच दिवशी पहाटे दांडीजवळील कराडी येथे महात्मा गांधींना अटक झाली होती. सोलापुरात ८ मे रोजी उद्रेक झाला आणि १२ मे पासून तेथे लष्करी कायदा लागू झाला. एक इंग्रज तरुणी साम्राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकटीने उडत निघाली, हे लंडनला साम्राज्याचे वैभव वाटले. तिच्या खाली पसरलेल्या देशात त्याच आठवड्यात साम्राज्याची पकड ढिली करण्याचे प्रयत्न चालले होते. तिला त्याची कितपत जाणीव होती, हा प्रश्न मनात येतो.

कराचीहून अलाहाबाद गाठायचे होते. समोरून वारा लागला आणि पेट्रोल हिशेबापेक्षा जलद संपू लागले. मे महिन्यातील उत्तर भारताचे ऊन आणि लू ज्यांनी अनुभवली आहे त्यांना त्या उघड्या आसनावरच्या प्रवासाची कल्पना करता येईल. अलाहाबाद आवाक्याबाहेर आहे हे ओळखून तिने झाशी गाठली. विमानतळ सापडेना, तेव्हा तिने लष्करी छावणीच्या कवायतीच्या मैदानावर विमान उतरवले. मैदान लहान, ब्रेक नाहीत. सैनिक जिवाच्या भीतीने बाजूला पळाले, विमान झाडे चुकवत पुढे गेले आणि बराकींच्या दोन इमारतींमध्ये जाऊन अडकले. पंखाला इजा झाली. छावणीतल्या लोकांच्या मदतीने डागडुजी झाली आणि दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, ती कलकत्त्याला पोहोचलीही. झाशीच्या त्या छावणीतील जवानांनी तोवर विमान पाहिले असेल, पण विमानातून उतरलेली एकटी स्त्री खासच पाहिली नसेल.

याहून मोठा अपघात रंगूनला व्हायचा होता. १३ मे रोजी ब्रह्मदेशावर मोसमी पावसाचे ढग दाटले होते. तिला रंगूनच्या रेसकोर्सवर उतरायचे होते. धुवांधार पावसात ती शोधता शोधता शहराबाहेर इनसीन येथे आली आणि तेथील सरकारी तंत्रसंस्थेचे खेळाचे मैदान तिला रेसकोर्स वाटले. ओल्या गवतावरून विमान घसरत गेले, गोलपोस्ट ओलांडून एका चरात नाकावर पडले. पंखा मोडला, टायर फाटला, एका पंखाच्या फासळ्या तुटल्या, चाकांचा सांगाडा वाकला. हिंकलरचा विक्रम तिथेच त्या चरात राहिला. एमी काही वेळ रडली आणि मग डोळे पुसून कामाला लागली.

पुढचे तीन दिवस हा या कहाणीतील सर्वांत देखणा भाग आहे. अपघात झालाच तर तो तंत्रसंस्थेच्या अंगणात व्हावा, हे तिचे नशीब. संस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी यांनी विमान उचलून छपराखाली नेले. वनखात्याच्या एका अधिकाऱ्याने पंखाच्या फासळ्या लाकडातून घडवून दिल्या. कापडाचा प्रश्न होता. पहिल्या महायुद्धानंतर उरलेले विमानाचे कापड रंगूनमध्ये कोणीतरी स्वस्तात घेऊन त्याचे सदरे शिवले होते. ते सदरे शोधून आणले, उसवले आणि त्यांचे कापड पंखावर चढवले. कापड ताठ करण्यासाठी लागणारे रसायन स्थानिक औषधविक्रेत्याने अंदाजाने मिसळून तयार केले. जादा पंखा ती लंडनहूनच विमानाला बांधून घेऊन आली होती, तो बसवला. इंजिनाकडे मात्र तिने स्वतःच पाहिले. १६ मे रोजी ‘जेसन’ पुन्हा उडाले, बँकॉकच्या दिशेने.

यानंतर विक्रमाची आशा उरली नव्हती, उरली होती ती पोहोचण्याची जिद्द. सयाममधील डोंगरांवर पावसाने तिला वाट चुकवली. जावा बेटावर चोमल येथे ती उसाच्या मळ्याजवळ उतरली, तर तेथे बांधकामाच्या आखणीसाठी बांबू रोवून ठेवलेले. बांबूंनी पंखांचे कापड फाडले. या वेळी दुरुस्तीला औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी कामी आली. जखमेवर लावायची पट्टी विमानाला लावून ती पुढे निघाली. तिमोर बेटावर अंधार पडताना ती नियोजित मैदानाऐवजी भलत्याच माळावर उतरली आणि जगाशी संपर्क तुटला. ती बेपत्ता झाल्याच्या बातमीने लंडनमध्ये चिंतेचे वातावरण पसरले. पण २४ मे रोजी, सुमारे पाचशे मैलांचा समुद्र ओलांडून, ती डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस, अकरा हजार मैल. हिंकलरला सोळा दिवसही लागले नव्हते. तरी लोकांना त्या तुलनेत रस उरला नव्हता.

कौतुकाचा जो लोट आला तो तिला झेपला नाही. गावोगावी स्वागत, भाषणे, मेजवान्या. झोप नाही. २९ मे रोजी ब्रिस्बेनच्या ईगल फार्म मैदानावर हजारो लोक तिची वाट पाहत होते. तिचा अंदाज पुन्हा चुकला. विमान मैदानाची हद्द ओलांडून कुंपणावर गेले आणि पलीकडच्या शेतात चक्क उलटे पडले. एमी उलट्या विमानातून बाहेर आली, अंगावर ओरखडाही नव्हता. ज्या विमानाने वाळवंट, मोसमी पाऊस आणि समुद्र सहन केले ते शहराच्या वेशीवर मोडले. सिडनीपर्यंतचा उरलेला प्रवास तिने प्रवासी म्हणून केला. ऑस्ट्रेलियातील ज्या हवाई कंपनीच्या विमानाने ती गेली, त्या कंपनीत जिम मॉलिसन नावाचा एक देखणा स्कॉटिश वैमानिक नोकरीला होता. दोघांची पहिली भेट त्या दिवसांतली.

मायदेशी परतल्यावर क्रॉयडन ते लंडन या रस्त्यावर लाखो लोक तिला पाहायला लोटले. राजाने सीबीई हा किताब दिला. एका मोठ्या वृत्तपत्राने दहा हजार पौंड देऊन तिला देशभर फिरवण्याचा करार केला. तो दौरा तिने अर्ध्यावर सोडला. ती आजारी पडली होती. प्रसिद्धीने तिला जे दिले त्यापेक्षा अधिक हिरावले, असा तिच्या आयुष्याचा हिशेब पुढे मांडला गेला.

विक्रम मात्र होत राहिले, आणि त्यांच्यासोबत अपघातही. जानेवारी १९३१ मध्ये ती पेकिंगला जायला निघाली आणि पोलंडमध्ये धुक्यात एका शेतात उतरताना विमान मोडून बसली. त्याच वर्षी जुलैत हम्फ्रीजला सोबत घेऊन तिने एका दिवसात लंडनहून मॉस्को गाठले आणि पुढे टोकियोपर्यंत विक्रमी वेळेत मजल मारली. जुलै १९३२ मध्ये मॉलिसनशी विवाह झाला. पुन्हा भेट झाल्यावर काही तासांतच त्याने मागणी घातली होती. नोव्हेंबरमध्ये तिने लंडन ते केपटाउन हा नवऱ्याचाच विक्रम दहा तासांहून अधिक फरकाने मोडला. नवऱ्याला ते किती रुचले असेल याविषयी अंदाज बांधायला हरकत नाही.

१९३३ मध्ये दोघांनी मिळून अटलांटिक ओलांडायचे ठरवले. ‘सीफेअरर’ या विमानाने क्रॉयडनहून झेप घेण्याचा पहिला प्रयत्न जूनमध्ये फसला. इंधनाने जड झालेल्या विमानाचा चाकांचा सांगाडा जमिनीवरच कोसळला. मग जुलैत वेल्समधील पेंडाइनच्या लांबलचक वाळूच्या किनाऱ्यावरून ते निघाले. समुद्र ओलांडला. न्यूयॉर्क हाकेच्या अंतरावर आले तेव्हा टाक्या रिकाम्या होत आल्या होत्या आणि दोघेही थकव्याने चूर झाले होते. रात्रीच्या अंधारात कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे मॉलिसनने विमान उतरवायचा प्रयत्न केला. ते मैदान ओलांडून दलदलीत उलटले. दोघेही बाहेर फेकले गेले, जखमी झाले. सकाळपर्यंत आठवणवस्तूंच्या लोभी लोकांनी विमानाचे लचके तोडून नेले होते.

भारताशी तिची पुन्हा गाठ पडली ती १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये, इंग्लंड ते मेलबर्न या शर्यतीत. मॉलिसन दांपत्याच्या ‘ब्लॅक मॅजिक’ या वेगवान विमानाने कराचीपर्यंत विक्रम केला. पुढे वाट चुकून ते जबलपूरला उतरले. तेथे या इंजिनांना लागणारे उच्च प्रतीचे पेट्रोल नव्हते. बससाठी वापरतात ते भरून ते निघाले आणि इंजिन बिघडले. अलाहाबादला शर्यत संपली. चार वर्षांपूर्वी तिला अलाहाबाद गाठता आले नव्हते. या वेळी गाठले, पण त्यापुढे जाता आले नाही.

एप्रिल १९३६ मध्ये सहारातील कोलोंब-बेशार येथे उड्डाण घेतानाच तिचे विमान गिरकी घेऊन मोडले. महिनाभरात ती दुसऱ्या प्रयत्नासाठी पुन्हा निघाली आणि केपटाउनचा विक्रम तिने परत मिळवला. तो तिचा शेवटचा विक्रम. विवाह मद्य आणि मत्सराने पोखरला होता. १९३८ मध्ये घटस्फोट झाला आणि तिने माहेरचे नाव पुन्हा लावले. त्या काळात ती ग्लायडर उडवू लागली होती. १९३८ मध्येच वॉल्सॉल येथील प्रात्यक्षिकात उतरताना तिचे ग्लायडर उलटे झाले. या खेपेसही ती बचावली. विक्रमांचे युग सरले होते. प्रवासी विमानसेवा सुरू झाल्यावर एकट्या वैमानिकाच्या धाडसाचे मोल उतरले, आणि जगप्रसिद्ध एमी जॉन्सनला साधी नोकरी शोधावी लागली. १९३९ मध्ये ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आइल ऑफ वाइटला प्रवासी ने-आण करणारे छोटे विमान चालवत होती. तिकीट काढणाऱ्या कित्येकांना आपला वैमानिक कोण आहे हे कळतही नसेल.

युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ती एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी या संस्थेत दाखल झाली. कारखान्यांतून हवाई दलाच्या तळांवर विमाने पोहोचवणे हे संस्थेचे काम. रेडिओ वापरायचा नाही, आणि खालची जमीन पाहत वाट काढायची. गर्दी नाही, मथळे नाहीत, रोज नवे विमान. या कामात ती रमली होती असे म्हणतात.

५ जानेवारी १९४१ रोजी तिने ब्लॅकपूलहून ‘ऑक्सफर्ड’ जातीचे दोन इंजिनांचे विमान घेतले. ते ऑक्सफर्डजवळील किडलिंग्टन तळावर पोहोचवायचे होते. आदल्या रात्री ती ब्लॅकपूलला बहिणीकडे राहिली होती. हवा वाईट होती आणि ढग खाली आले होते. थांबावे असा सल्ला तिने मानला नाही. तास-दीड तासाचा तो प्रवास. काही तासांनी, ठरलेल्या मार्गापासून शंभर मैल दूर, टेम्स नदीच्या मुखावर हर्न बे समोर एका जहाजताफ्यातील खलाशांना आकाशातून पॅराशूट उतरताना दिसले. ढगांवर भटकून इंधन संपल्यावर तिने उडी घेतली असावी, असाच निष्कर्ष बहुतेकांनी काढला आहे. आपल्याच तोफांनी ते विमान चुकून पाडले असा दावा १९९९ मध्ये एका माजी सैनिकाने केला. जहाजाच्या पंख्यात ती ओढली गेली असेही पुढे सांगण्यात आले. यांपैकी काहीही सिद्ध झालेले नाही.

पाणी गोठवणारे होते, हिमवर्षाव चालू होता, ओहोटीचा प्रवाह जोरात होता. ‘हॅसलमेअर’ या नौकेने तिच्याकडे दोर फेकले, ते तिला पकडता आले नाहीत. नौकेचा कप्तान वॉल्टर फ्लेचर याने स्वतः पाण्यात उडी घेतली. त्याला बेशुद्धावस्थेत बाहेर काढले गेले आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. एमीची प्रवासाची पिशवी हाती लागली. तिचा देह कधीच सापडला नाही. वय ३७. डिसेंबर १९४३ मध्ये न्यायालयाने तिला मृत घोषित केले. कबर नसलेल्या हवाई सैनिकांची नावे कोरलेल्या रनीमीड येथील स्मारकावर तिचेही नाव आहे.

ब्रिस्बेनच्या शेतात उलटे पडलेले ‘जेसन’ दुरुस्त करून मायदेशी आणले गेले. ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. तेथे ते छताला टांगलेले असते, चाके जमिनीपासून अधांतरी.